तेहेतिसावी पोफळ

ही गोष्ट खरी आहे.

मी जन्मभर थापा मारल्या, हे सारं गाव जाणतं. खाडीत होडीएवढा मासा धरला, बिबट्याला विडी पाजली... त्यात मीठमसाला होता, कबूल. पण येसाजीच्या वाडीचं जे सांगतोय, त्यात माझं चिमूटभरही नाही.

सन एकोणीसशे एकतीस. बोर्ली पंचतनहून समुद्राकडं उतरणारी वाट. पौषातली अमावास्या.

आणि वेळ रात्रीची नव्हे.

भर दुपार. बाराचं ऊन.

येसाजी माझ्या बापाचा सख्खा मामा. भाताचं शेत म्हणाल तर दोन घासांचं, बाकी सारं पोट वाडीवर. सुपारीच्या बत्तीस पोफळी, एक विहीर आणि मधोमध करमळीचं झाड. ते झाड त्याच्या एकुलत्या एका लेकीनं, राहीनं, लहानपणी लावलेलं. आंबट करमळं खाऊन पोरीचे दात आंबायचे, तरी खायची. गेल्या साली तिला तळा गावी दिली, तेव्हापासून करमळं झाडाखाली सडत होती.

सुपारीला मात्र गिऱ्हाईक होतं. न विचारता नेणारं.

तुम्हाला वाटेल चोर रात्री येतो. सुपारीचा येत नाही. अंधारात पोफळीवर चढायचं म्हणजे उतरताना स्वर्गातच उतरायचं! तो येतो दुपारी. गाव जेवून आडवं झालं की.

शेजारच्या दत्तात्रेय बागाईतदारानं राखणीला पठाण ठेवला होता. येसाजी पठाणाला काय देणार, वालाचं बिरडं? मग त्यानं फुकटातले उपाय केले.

चिकानं अंग जाळणाऱ्या शेराचं कुंपण लावलं. चोरानं त्यावर घोंगडी टाकली आणि आत उतरला. घोंगडी येसाजीचीच, वळणीवरची.

खोडांना बाभळीचे काटे गुंडाळले. ते काढणीच्या वेळी येसाजीच्याच पायात मोडले.

घासलेटचे रिकामे डबे दोरीला बांधून कुंपणाभोवती फिरवले. ते वाऱ्यानं एवढे वाजले, की खरा चोर आला तेव्हा येसाजी कूस बदलून झोपला.

शेवटी बुजगावणं उभं केलं आणि त्याला आपला जुना कोट चढवला. चोरानं सुपारी नेली, कोटही नेला, आणि बुजगावण्याच्या मुठीत एक सुपारी ठेवून गेला. विड्याला.

गाव आठ दिवस हसत होतं.

हसली नाही फक्त ठमाबाई. देवीपुढं गाऱ्हाणं घालणारी म्हातारी. काठी टेकत आली आणि म्हणाली, "अरं येसा, डबं कशापायी बांधतोस? तुज्या हिरीमागं तो बसलाय न्हवं का, जागेवाला. त्याला राखणीला लाव. पगार न्हाय, जेवान न्हाय. वर्साला एक कोंबडा."

विहिरीमागं गुडघ्याएवढा धोंडा होता. शेंदूर कधीच उडालेला. कार्तिकातल्या अमावास्येला तिथं नारळ फुटला.

"आता घरची मानसं दाव त्याला," ठमाबाई म्हणाली. "ज्याच्या नावाची तांदळाची मूठ, तो घरचा. बाकी समदं चोर."

येसाजीनं मूठ घातली. त्याची बायको सोनाबाई, तिनं घातली. मग तिनं सुपात पुन्हा हात घातला.

"अवो, राहीच्या नावाची घालू ना?"

"खुळी का तू? दिल्याली लेक. तिचं कूळ तळ्याचं, देव तळ्याचा. हिकडं मूठ घातली तर जावयाचं देव कोपतील."

रीतच होती तशी. ठमाबाईनंही मान हलवली.

"मग सांग त्याला. मोट्यानं."

येसाजीनं हात जोडले. "बाबा, आमी दोगं. तिसरं आमचं कोन न्हाय."

वारा नव्हता. पान हलत नव्हतं. तरी कुंपणाचे सगळे डबे वाजले...

एकदाच.

दुसऱ्या दिवशी बारा वाजता येसाजी जेवायला बसला होता. वाडीतून आवाज आला.

टक...

टक...

कोणीतरी काठीनं एकेका पोफळीला मारत चाललंय. घाई नाही. येसाजीनं घास हातात धरून मोजलं. बत्तीस. मग सारं गप्प.

"पठाण आला गो आपला!" तो मांडीवर थाप मारून हसला.

सोनाबाई हसली नाही. तिच्या ध्यानात दुसरंच आलं होतं. वाडीत पाखरू बोलत नव्हतं. खारी गेल्या होत्या. खाली पडलेल्या करमळांना मुंगीसुद्धा लागत नव्हती.

आठव्या दिवशी दुपारी सदा सापडला. गावातलाच. पोफळीला दोन्ही हातांनी मिठी मारून उभा. डोळे उघडे. एवढ्या उन्हात अंगावर घामाचा थेंब नाही.

"सोड की रं झाड," येसाजी म्हणाला.

"येसूभाव..." सदाचा आवाज विहिरीतून यावा तसा आला. "म्या कुटं धरलंय? त्यानं धरलंय."

ठमाबाईला बोलावलं. तिनं लांबूनच सांगितलं, "तू वाडीचा धनी. तूच सोडवायचा. नाव घे, कुनाचा कोन ते सांग, आनि सोड म्हन."

"सदा, बाबाजीचा ल्योक, आमच्या गावचा. सोड."

सदाचे हात झाडावरून सुटले. त्या दिवसापासून त्यानं सुपारी सोडली, पानही सोडलं. दुसऱ्या सकाळी येसाजीचा कोट घडी घालून ओट्यावर आला होता.

आता हसायची पाळी येसाजीची. सगळ्या गावाला सांगत सुटला. तळ्याला मात्र निरोप गेला नाही. लेकीला काय कळवायचं त्यात?

मग ती पौषातली अमावास्या आली.

येसाजी आणि सोनाबाई सकाळीच बोर्लीच्या बाजारात गेली होती. परतताना घराजवळच्या वळणावर बारा झाले. टक टक सुरू झाली. सवयीनं येसाजी मोजू लागला.

"तीस... एकतीस... बत्तीस."

तो पाऊल टाकणार, तोच...

टक.

"चुकलात तुमी," सोनाबाई म्हणाली.

"म्या? मोजन्यात?"

ओट्यावर एक गाठोडं होतं. हिरव्या लुगड्याचं. सोनाबाईनं ते ओळखलं आणि तिच्या हातातली टोपली खाली आली.

कुंपणापलीकडून दत्तात्रेयाची बायको, कोकिळा, हसत ओरडली, "आलात का? लेक आलीय बरं! पाचवा लागलाय तिला. म्हटलं, येऊन बस माझ्याकडं, तर म्हणते, आंबट खावंसं वाटतंय, आधी माझी करमळं काढते..."

येसाजी धावला.

पाटाच्या ओल्या चिखलात पावलं होती. लहान, ओळखीची. करमळीपर्यंत गेलेली. तिथं एक करमळ पडलं होतं. एकच चावा घेतलेलं. अजून पाणी सुटत होतं त्याला.

तिथून पावलं पोफळींकडं वळली. पाच पावलं. सहावं.

पुढं दोन्ही पावलं शेजारी शेजारी, जोडलेली.

त्यापुढं चिखल कोरा.

सदा निदान दिसत तरी होता.

"राही!" येसाजी धोंड्यापुढं कोसळला. "राही, येसाजीची लेक! सोड! माजी लेक हाय रं ती, सोड!"

काही हललं नाही.

सोनाबाई तांदूळ घेऊन आली. तिनं धोंड्यावर मूठ घातली. कार्तिकातल्या दोन मुठी तिथं अजून तशाच होत्या. दोन महिने झाले, एक दाणा पाखरानं टिपला नव्हता.

तिसरी मूठ मात्र घसरू लागली. दाणा दाणा. सगळी खाली आली.

तिनं पुन्हा घातली. पुन्हा घसरली. सूप रिकामं झालं तरी तिचे हात थांबेनात.

ठमाबाई कुंपणाबाहेर उभी होती.

"काय तरी कर गं म्हातारे!"

"काय करू, येसा? तिसरं आमचं कोन न्हाय... तूच म्हनलास न्हवं त्याला?"

तिसऱ्या दिवशी तळ्याहून जावई आला. रघू. येसाजीचे विहिरीत गळ टाकून झाले होते, रान धुंडून झालं होतं. सारं ऐकून तो म्हणाला, "मामा, तुमची नसंल तर माजी हाय. मला सोडवू द्या."

ऐन बाराला तो कुंपणाबाहेर उभा राहिला. टक टक चालू होती. त्यानं हाक दिली, "राही, रघूची बायको, तळ्याची. सोड!"

टक टक थांबली.

सोनाबाईनं पदर पसरला. करमळीचं एक पान हललं...

आणि पहिल्या पोफळीपासून आवाज पुन्हा सुरू झाला.

टक.

रघू वाडीचा धनी नव्हता. आणि जो धनी होता, त्याला लेक नव्हती.

रघूनं पंधरा दिवस वाट पाहिली. मग तळ्याला जाऊन तिच्या नावाचा गवताचा पुतळा जाळला.

येसाजीनं एके सकाळी कुऱ्हाड घेतली. एकेक पोफळ आडवी करतो, म्हणाला. पहिल्या खोडापाशी हात उचलला आणि तसाच राहिला.

यातल्या कोणत्या झाडात ती असेल, तर?

कुऱ्हाड त्यानं विहिरीत टाकली. हात लावून लावून झाडं मोजली. बत्तीसच भरली. रोज बत्तीस भरायची. रोज दुपारी तेहेतीस वाजायच्या. बत्तीस कोरड्या लाकडावर.

तेहेतिसावीला बांगडी किणकिणायची.

सुपारी त्यांनी पुन्हा काढली नाही. पिकून पडली, सडली. चोर मात्र त्या वाडीला कधी शिवला नाही, एवढं खरं.

वैशाखात एका दुपारी दोघं ओट्यावर बसली होती. बत्तीस झाल्या. बांगडी वाजली. येसाजी उठू लागला, तर सोनाबाईनं त्याचा हात धरला.

"थांबा."

टिक...

अगदी हलकी. नखानं मारावी तशी.

सोनाबाईनं बोटांवर महिने मोजले. आत गेली आणि सुपात रोजच्यापेक्षा एक मूठ जास्त घेऊन आली.

दोघंही त्याच घरात मेली. त्यांच्यामागं मुठी घालणारं कोणी उरलं नाही.

मी एकदा गेलो होतो तिथं. दुपारीच. कुंपणाबाहेर उभा राहून ऐकलं, बत्तीसपर्यंत मोजलं आणि पळालो. तुम्ही म्हणाल, म्हाताऱ्यानं अजून एक थाप मारली. थाप असती तर बरं झालं असतं.

कारण शेराचं ते कुंपण केव्हाच मोडून गेलंय. बाहेर कुठं संपतं आणि आत कुठं सुरू होतं, ते मला त्या दिवशी कळलं नाही.

आणि माझ्या नावाची मूठ तिथं कोणी कधी घातलेली नाही.