दारातली मावशी

"मावशी, आई आहे ना घरात?"

दारात उभ्या मुलीनं सहज विचारलं, आणि दार उघडणारी ती जागच्या जागी थिजली... तीन वर्षांनी दूरदेशाहून परतलेली पोटची लेक तिला मावशी म्हणत होती!

"अगं, मीच..."

फोनवरचा तो जाड, घोगरा आवाज ओळखून लेकीच्या हातातली बॅग गळून पडली. "आई! काय झालं तुला?"

काय झालं, हे का तिला ठाऊक होतं! नाक, जबडा, ओठ कसे कोण जाणे, पसरतच गेले होते. बोटं इतकी जाडावली, की कात्रीच्या कडीत अंगठा शिरेना, शिवणकाम सुटलं. सांधेदुखीला एक डॉक्टर, साखरेला दुसरा, डोकेदुखीला गोळ्या... कुणाला काही उमजेना! फोनचा कॅमेरा बिघडलाय, अशी थाप तिनं लेकीला मारली होती. पोरीनं हातची नोकरी सोडून धावत येऊ नये, एवढ्याचसाठी!

आतून नवऱ्याचा आवाज आला, "दिवसभर खाते नि रात्रभर घोरते, दुसरं काय होणार?"

लेकीनं दुसऱ्याच दिवशी दोघांना मोठ्या इस्पितळात नेलं. तपासण्यांनंतर डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "मेंदूच्या तळाशी वाटाण्याएवढी ग्रंथी असते. तिच्यावर गाठ आलीय, त्यामुळे वाढीचं हार्मोन नको तेवढं पाझरतंय. ऑपरेशन करावं लागेल. हे इतकं हळू होतं, की रोज पाहणाऱ्यांच्या लक्षात येत नाही."

"ऐकलंस? रोज पाहणाऱ्यांना कळतच नाही!" बाहेर येताच नवरा घाईनं म्हणाला.

तिच्या अंतःकरणात साचलेला सारा संताप उसळला. "रोज पाहत होतात? कधी हो? शेवटचं कधी पाहिलंत माझ्याकडे?"

तो खालमानेनं ऑपरेशनची तारीख घ्यायला परत आत गेला.

ऑपरेशन सुखरूप पार पडलं. शुद्धीवर आली तेव्हा तो उशाशी होता.

"हाडं वाढलीत ती वाढलीच, डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या... चेहरा पहिल्यासारखा होणार नाही," ती म्हणाली.

तिच्या रुंद तळहातात तोंड खुपसून तो हमसून हमसून रडू लागला. "चुकलो गं मी... मला माफ कर!"

हात काढून घ्यावासा वाटला तिला... पण काढवेना.

"रडा तुम्ही. पण माझा राग अजून गेलेला नाही!"

"नको जाऊ देऊस इतक्यात," तो डोळे पुसत म्हणाला, "मी इथंच बसतो."