आबा वाटेत का थांबत?

टेकूबरोबर फिरायला गेले की आबा एकदाही वाटेत थांबत नसत. स्वरदाबरोबर मात्र दर शंभर पावलांत दोन-तीनदा थांबायचे. असं का बरं?

नऊ वर्षांच्या स्वरदाकडे उत्तर तयार होतं. "मी त्यांची लाडकी आहे म्हणून! त्या डब्याशी बोलायला कोण थांबतंय?"

डबा म्हणजे टेकू, तिच्याच उंचीचा यंत्रमानव. न्हाणीघरात आबांचा पाय घसरला, तेव्हा आरोग्यकेंद्राने तो घरी पाठवला होता. आबांच्या बुटांत संवेदक (हालचाल टिपणारे इवलेसे भाग) बसवले होते आणि प्रत्येक पाऊल टेकूला कळायचं. रोज संध्याकाळी आबांचा हात आता त्याच्याच खांद्यावर. स्वरदाच्या वाट्याला फक्त रविवार! एकदा रागाने तिने टेकूच्या डोक्यावर ओला टॉवेल वाळत घातला. तो म्हणाला, "आभारी आहे. ओलावा नोंदवला." तिचा नुसता तिळपापड झाला.

शनिवारी आबांची चाचणी होती. पास झाले, तर रोजचं फिरणं पुन्हा स्वरदाबरोबर. नाहीतर टेकूच.

स्वरदाने गुपचूप सराव करून घेतला. खुर्चीतून उठायचं, तीन मीटर चालायचं, वळायचं, परत येऊन बसायचं. सगळं बारा सेकंदांच्या आत.

"वळताना घाई नको हं, आबा!"

"नाही हो, मास्तरीणबाई."

शनिवारी टेकूने वेळ सांगितली, "साडेदहा सेकंद."

"कळलं का रे, डब्या?" स्वरदाने जीभ काढून दाखवली.

"कळलं. आता तेच, पण बोलता बोलता. प्रश्न स्वरदाने विचारावेत."

स्वरदाला हसूच आलं. अडीचकीसारखे (अडीचपटीचे) जुने पाढे म्हणजे आबांचा हातखंडा. फिरताना त्यांचा तोच तर खेळ! आबा वळायला आले तशी ती म्हणाली, "तेरा अडीच?"

आबा थबकले. नजर वर, पाय जमिनीला चिकटलेले. "साडे..." म्हणता म्हणता ते डावीकडे कलले आणि टेकूने चटकन हात दिला.

"साडेबत्तीस!" आबा विजयाने म्हणाले. पण हसलं कुणीच नाही.

"एकोणीस सेकंद," टेकू म्हणाला.

"तू मुद्दाम केलंस!" स्वरदाचे डोळे भरून आले.

आबांनी तिला जवळ बसवलं. कोयनानगरला त्यांनी आयुष्यभर भूकंप मोजले होते. "भूकंप नेमका कुठे झाला, हे ठरवायला आम्हाला निदान तीन केंद्रांच्या नोंदी लागायच्या. शरीराचंही तसंच आहे. एक केंद्र डोळे. दुसरं कानाच्या आत खोलवर, द्रवाने भरलेल्या बारीक नळ्यांचं. तिसरं तळपाय आणि सांधे. तिघांच्या बातम्या जुळवून मेंदू संतुलन (शरीराचा तोल) राखतो. तुझा मेंदू ते सहज करतो. माझ्याकडे बातम्या आता अंधुक येतात, म्हणून त्याला मुद्दाम लक्ष द्यावं लागतं. त्यात तेरा अडीच आले, की तो म्हणतो, एका वेळी एकच काम!"

स्वरदा अगदी हळू म्हणाली, "म्हणजे... तुम्ही माझ्यासाठी थांबत नव्हता?"

आबांच्या आधी टेकूच बोलला. "माझ्याबरोबर ते थांबत नाहीत, तुझ्याबरोबर थांबतात. हे कोडं मला सुटत नव्हतं. मी चालताना बोलत नाही. तू बोललीस, म्हणून पडण्याचा धोका कळला."

स्वरदाने नाक पुसलं. "मग आता?"

"आता सराव. तोल मी सांभाळतो. प्रश्न तू विचार. सोप्यापासून."

दुसऱ्या दिवसापासून तिघं निघू लागली.

"बे दुणे?"

"मी काय पहिलीत आहे?" आबा कुरकुरले, पण चालता चालता.

तीन महिने गेले. एका संध्याकाळी स्वरदाने हळूच विचारलं, "सतरा अडीच?"

"साडेबेचाळीस!" पाऊल जराही अडलं नाही. ती टाळी वाजवणार, तोच दहा पावलांवर आबा थांबले. टेकूने हात पुढे केला.

आबांनी तो अलगद बाजूला सारला. "पाय ठणठणीत आहेत रे. हे थांबणं स्वरदासाठी."

"हे कोणत्या रकान्यात नोंदवू?" टेकूने विचारलं.

"नोंदवूच नकोस, डब्या," स्वरदा म्हणाली आणि पहिल्यांदाच तिने त्याच्या खांद्यावर हात टाकला. "चल, आता तुझी पाळी. नऊ अडीच किती?"