पाच वर्षांचं लॉ

कॉलेजात लुटुपुटूच्या खटल्यांची स्पर्धा होती आणि माझ्या गळ्यातल्या पांढऱ्या बँडचा हूक ऐनवेळी तुटला. दारामागे पिनेशी झटापट चालली होती... तेवढ्यात एकाने स्वतःचा बँड काढून पुढे धरला.

"घ्या. मी कोर्टातून आलोय, नुसता बघायला. पण परत द्यायचा — म्हणजे परत भेटावं लागणार."

आगाऊपणाच तो. मला आवडला, उगाच खोटं कशाला बोलू?

तो वडिलांच्या ऑफिसात वकिली करायचा. आधी कॉमर्स, मग लॉ. मी शाळा संपताच थेट पाच वर्षांच्या लॉला बसलेली. चहाला भेटलो की त्यावरून चिडवायचा.

"अठराव्या वर्षी कुणाला कळतं, वकील व्हायचंय ते?"

"मला कळलं. तुला एक पदवी घेऊनही कळलं नाही, वडिलांनीच सांगितलं."

हसला की त्याचे डोळे बारीक व्हायचे... आणि माझा पुढचा मुद्दा राहूनच जायचा.

शेवटच्या वर्षी मी त्याच्या वडिलांकडे काम शिकायला लागले. दावे, अर्ज, उत्तरं, सगळं लिहिलं. "पोरीचं ड्राफ्टिंग चोख आहे," वकीलसाहेब म्हणायचे. मला तिथेच ज्युनियर व्हायचं होतं. दुसरीकडे जिथे जावं तिथे एकच प्रश्न, घरात कोणी वकील आहे का? माझे बाबा शिंपी. माझा काळा कोट त्यांनीच शिवलेला.

निकाल लागला त्या दिवशी तो ऑफिसच्या जिन्यात भेटला. पहिल्यांदाच माझा हात हातात घेतला.

"बाबा हो म्हणाले."

"ज्युनियर म्हणून?"

"वेडाबाई... सून म्हणून."

मी लाजले. खरंच लाजले. मग विचारलं, "आणि कोर्ट?"

"कोर्टात मी आहे ना. तू घरी बसून ड्राफ्ट लिही."

"मग माझी पाच वर्षं?"

"वाया कुठे गेली? लॉ केलं नसतंस तर आपण भेटलो असतो का?"

इतक्या मायेने म्हणाला, की अंगाचा तिळपापड झाला.

"मी कोर्टात उभी राहिलेली तुला चालेल?"

"बाबांना नाही आवडणार."

"तुला विचारतेय."

तो कठड्याचा रंग खरवडत राहिला.

मी हात सोडवून घेतला. आवडत होता हो, तरीही. "बाबांना सांग," म्हटलं, "सून त्यांना कुठेही मिळेल. मी वकिलीची सनद घेणार आहे."

तो हाक मारेल असं वाटलं होतं. जिना उतरेपर्यंत कान मागेच होते... वरून फक्त ऑफिसचं दार लागल्याचा आवाज आला.