गाळलेली तळटीप

कॅन्टीनच्या रांगेत माझ्या मागे कोणीतरी शिंकलं. आधी दोन दणदणीत, मग एक बारीकशी, आणि लगेच — "सॉरी हं."

मी गर्रकन वळले. "तिसऱ्या प्रकरणात शिंकलेला तूच ना?"

"क... काय?"

"'माणसाला खात्रीनं काय कळतं?' असं गंभीरपणे वाचलंस आणि शिंकलास. वर सॉरी म्हणालास. कोणाला रे?"

तो हसला. "तुम्हालाच म्हणालो असणार! ऐकतंय कोण, मला काय माहीत?"

झाली ओळख. मी जन्मापासून आंधळी, तत्त्वज्ञान शिकणारी. तो वनस्पतिशास्त्रवाला; फावल्या वेळात विद्यापीठात आमच्यासारख्यांसाठी पुस्तकं वाचून रेकॉर्ड करायचा. मी त्याला शिंकोबा म्हणू लागले, तो मला बाईसाहेब. बघता बघता त्याच्या 'तुम्ही'चं 'तू' झालं. चौथं, पाचवं प्रकरण वाचून झालं की तो बाहेर यायचा आणि आम्ही पायऱ्यांवर कॉफी घेऊन बसायचो. त्याच्या बाहीला कुंडीतल्या ओल्या मातीचा वास यायचा. मला तो इतका आवडायचा की मी मुद्दाम जवळ सरकून बसायचे.

"मी कसा दिसतो, कधी विचारलं नाहीस," एकदा तो म्हणाला.

"विचारून काय उपयोग? आजवर भेटलेला प्रत्येक जण देखणाच निघालाय."

"मी खरं सांगेन की."

"मग तर नकोच. माझं छान चाललंय!"

घरी आईनं बरोबर पकडलं. "पुस्तक ऐकताना एवढं काय हसतेस गं? आणि गाल बघ, लालेलाल झालेत!"

मी गालांना हात लावला. गरम होते.

पण माझा जीव अडकला होता तोंडी परीक्षेत. प्रवेशाच्या दिवशीच तत्त्वज्ञानाचे सर म्हणाले होते, "हा विषय तुम्हाला जड जाईल. संगीत का घेत नाही?" नापास झाले तर विषय सुटणार, आणि सरांचं म्हणणं खरं ठरणार. नुसत्या कल्पनेनं माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

परीक्षेत सरांनी विचारलं, "पाचव्या प्रकरणातल्या तळटिपेत एक आक्षेप आहे. त्याला तुमचं उत्तर?"

"कुठली तळटीप, सर?"

त्यांनी सुस्कारा सोडला. ओरडले असते तरी चाललं असतं. "सोमवारी पुन्हा या," ते म्हणाले. "शेवटची संधी."

मी काठी आपटत थेट रेकॉर्डिंगच्या खोलीत गेले. "तळटीप कुठाय?"

तो चाचरत म्हणाला, "मी... गाळली ती. वाचवेना. तुझ्यासारख्यांबद्दल फार वाईट लिहिलंय गं. तुला लागेल म्हणून —"

"लागू दे की! लागलं तर भांडेन. भांडायलाच तर आलेय मी या विषयाला! माझ्याबद्दल लिहिलेलं सगळ्या वर्गाला ठाऊक, आणि मलाच नाही? काय गाळायचं ते मी ठरवणार, तू नाही!"

"चुकलो," तो म्हणाला. नुसतं एवढंच. सारवासारव नाही, काही नाही. म्हणून तर जास्तच रडू आलं मला.

खुर्ची ओढल्याचा आवाज आला. "बस. आत्ता वाचतो." आणि त्यानं वाचलं — "जन्मांध माणूस 'लाल' म्हणतो, तेव्हा तो फक्त पोपटासारखा शब्द उच्चारतो. न पाहिलेल्या गोष्टीबद्दल त्याला अर्थपूर्ण बोलता येत नाही." वाचून त्यानं पुस्तक धाडकन मिटलं.

मी मात्र फिस्सकन हसले.

"हसतेस काय?"

"या गृहस्थांनी न्याय पाहिलाय? काळ पाहिलाय? तरी अख्खं पुस्तक बोलतच सुटलेत ना!"

सोमवारी मी सरांना हेच ऐकवलं. वर मी म्हणाले, "आणि लाल मला ठाऊक आहे, सर. आईनं सांगितलं तेव्हा माझे गाल गरम होते. लोक लाजतात तेव्हा, चिडतात तेव्हा लाल होतात. माझा अर्थ तुमच्याहून वेगळा असेल, पण पोपटाचा नाही."

सरांचं पेन कागदावर खरखरलं. मग ते म्हणाले, "उत्तीर्ण." आणि हळूच — "पुस्तक तुम्हाला पूर्ण मिळालंय की नाही, हे मी बघायला हवं होतं. पुढच्या सत्रापासून वर्ग सुरू व्हायच्या आत मी स्वतः तपासून देईन. तळटिपांसकट. आणि ते संगीताचं... विसरा."

बाहेर पायऱ्यांवर ओल्या मातीचा वास उभा होता.

"पास!" मी म्हणाले. त्यानं एवढी मोठी आरोळी ठोकली की वरच्या मजल्यावरून कोणीतरी दटावलं.

"आता खरं सांग, शिंकोबा. आणखी काही गाळलंयस?"

त्यानं आवाज खाली आणला. "एक वाक्य. पाचव्या प्रकरणाच्या शेवटी बोलून गेलो... आणि पुसलं. पुस्तकातलं नव्हतं ते."

मी आणखी जवळ सरकले. "वाच."

"पाठ आहे." त्याचा श्वास जवळ आला. "हे पुस्तक संपूच नये... कारण ते संपलं की तिला माझा आवाज ऐकायला काही कारण उरणार नाही. आणि मी तर तिच्या — तिच्या —"

आणि शिंकला! दोन दणदणीत, एक बारीकशी.

"सॉरी हं," तो रडवेला होऊन म्हणाला. "ऐन वेळी... थांब, पुन्हा पहिल्यापासून म्हणतो."

मी चाचपडत त्याची बाही पकडली, मग हात. माझे गाल पुन्हा तापले होते. कोणत्या रंगाचे झाले असतील ते मला ठाऊक होतं.

"म्हण. मलाही तू फार आवडतोस, म्हणून पूर्ण ऐकायचंय. पण ती शिंक गाळू नकोस."