आतून लावलेली कडी

बसा सगळे. आणि तो मोबाइल खिशात घाल आधी. दुपारपासून हा पुतण्या माझं डोकं खातोय. काका, शेजारची तुमची खोली रिकामी पडलीय, मला द्या. दार आतून लागलंय तर पहार आणतो, म्हणे. पहार राहू दे बाबा. आधी ऐक, मग काय तोडायचं ते तोड.

त्या खोलीत माझा भाडेकरू किल्लीवाला राहायचा. माझं सायकलचं दुकान आणि त्याची टपरी, मध्ये फक्त एक पत्रा. जन्माचा दोस्त. बायको गेली, मुलगा परदेशात, त्याचा फोन आला तर आला. किल्लीवाला म्हणायचा, "सगळ्या गावाची दारं मी उघडतो, पण घरी गेल्यावर माझं दार मलाच उघडावं लागतं." हसत म्हणायचा. आपण हसायचं नाही, एवढं मला कळायचं.

धक्क्यावरचं ते घर तुम्ही पाहिलंय, आता खाली खाणावळ आहे ते. त्याला दोन दारं. एक रस्त्याकडे, दुसरं पाण्याकडे, आणि तिथून पायऱ्या थेट पाण्यात. आजवर जेवढे मालक झाले त्यांची तक्रार एकच, आणि किल्लीवालाही एकाच घरातला. आधी याचा बाप, मग हा. तक्रार काय, तर पाण्याकडच्या दारातून बाहेर पडलं की मागे आतून कडी लागते. घरात कुणी नसतं. तरी लागते.

एक दोरखंडाचा व्यापारी होता. त्याने दाराला सरळ खिळे ठोकले, तरी चैन पडेना म्हणून घर विकलं. मग दातांचा डॉक्टर आला, मोठा हुशार. त्याने खिळे काढले आणि कडीच उपटून फेकली, दातासारखी. तर दार नुसतंच उघडेना. आतून कुणी पाठ लावून बसल्यासारखं. डॉक्टरने हाय खाल्ली. कडी परत बसवून घेतली आणि तोही गेला. नंतर आल्या एक निवृत्त मुख्याध्यापिका. त्या मात्र राहिल्या, एकट्या, शेवटपर्यंत. किल्लीवाल्याला म्हणायच्या, "त्या दाराला हात लावू नकोस. तिला बसू दे."

तिला म्हणजे कुणाला? सांगतो ना, दम धर जरा.

ते घर बांधलं एका नावाड्याने. आमच्या जन्माआधीची गोष्ट. घरात तो आणि त्याची लहान मुलगी, बस. एका वादळात तो नाव बांधायला त्या दारातून बाहेर पडला. जाताना पोरीला बजावून गेला, "मी हाक मारेन तेव्हाच कडी काढायची. दुसऱ्या कुणाला नाही."

तो परत आलाच नाही. पाणी चढत गेलं. रस्त्याकडच्या दारावर झाड आडवं पडलेलं. लोक होडी घेऊन पाण्याकडच्या दाराशी गेले, त्यात किल्लीवाल्याचा बापही होता. सगळ्यांनी हाका मारल्या, विनवण्या केल्या. पोर आतून एकच सांगत होती, "बाबांनी सांगितलंय." दार फोडेपर्यंत आत पाणी भरलं होतं.

शहाणी पोर. सांगितलेलं ऐकणारी. मला अजून राग येतो, पण कुणावर, ते कळत नाही.

बरं. दोन वर्षांपूर्वी खाणावळवाल्याने ते घर घेतलं. त्याला पाण्याकडच्या दारालाच नवं कुलूप हवं होतं. अमावस्येचा दिवस, उधाणाची भरती. किल्लीवाला दुपारी गेला, बरोबर त्याचं लाकडी स्टूल. कुठेही कामाला गेला की ते न्यायचाच. रस्त्याकडचं दार आतून लावून घेतलं, कारण कामात कुणी डोकावलेलं त्याला खपत नसे. अंधार पडला तशी बॅटरी स्टूलवर ठेवली. कुलूप बसलं.

आता याची एक खोड. कुलूप बसवलं की आतून आणि बाहेरून, दोन्हीकडून फिरवून पाहायचं. बापाने लावलेली सवय. हाताला ती इतकी बसलेली, की आपण कुठल्या घरात आहोत हेच तो विसरला. किल्ली घेऊन बाहेर पायरीवर गेला आणि दार ओढून घेतलं.

किल्ली छान फिरली. लागलं. उघडलं. दार ढकललं...

आतून कडी.

पायरीवर एकटा. दोन्हीकडे उंच भिंत. खाली पाणी, आणि ते चढत होतं. सगळं आयुष्य धक्क्यावर गेलं, पण गड्याला पोहता येत नव्हतं. किती टिंगल केली असेल मी त्यावरून. ओरडला. कुणी नाही. पाणी घोट्याला लागलं. मग गुडघ्याला. उंबरठा उंच म्हणून आत शिरलं नाही, पण लाटेबरोबर पाय निसटायला लागले. दारावर धडका दिल्या. "उघडा! कुणी आहे का? उघडा!"

काही नाही.

मग त्याच्या लक्षात आलं. असं तर त्या रात्री सगळेच ओरडले होते.

त्याने धडका थांबवल्या. मला नंतर म्हणाला, "जीव जायची वेळ, आणि मला लहान पोरीशी खोटं बोलायची लाज वाटत होती रे."

दाराला तोंड लावून हळूच म्हणाला, "बाळ... मी आलो. कडी काढ."



मग आत काहीतरी सरकलं... फरशीवरून... घासत घासत दाराशी आलं. थांबलं.

कडी निघाली.

आत कुणी नव्हतं. दाराला लागून त्याचं स्टूल. कडी उंच ना... लहान हात कसा पोचणार? बॅटरी खाली फरशीवर, नीट भिंतीशी ठेवलेली. चालूच.

त्याने स्टूल काखेत मारलं आणि घर गाठलं. त्या रात्रीपासून ते दार कधी अडलं नाही. खाणावळीत लोक खुशाल येतात-जातात. पण दुसऱ्या संध्याकाळी किल्लीवाल्याने आपल्या खोलीचं कुलूप काढलं, दार ढकललं... आतून कडी. दाराला तोंड लावलं. मग म्हणाला, "बाळ, मी आलो."

स्टूल सरकलं.

त्यानंतर रोज. मी विचारलं, "अरे, भीती नाही वाटत?" तर म्हणाला, "घरी कुणी वाट बघतंय, याची कसली भीती?" टपरी लवकर बंद करायला लागला. जाताना खाऊची पुडी न्यायचा. इतका सुखी मी त्याला कधी पाहिला नव्हता.

मागच्या वर्षी टपरीतच छातीत कळ आली. दवाखान्यात रात्रभर माझा हात धरून एकच म्हणत होता, "घरी जाऊ दे. कडी लावून बसली असेल ती." पहाटे गेला.

मी इथे, त्याच्या खोलीशी आलो. त्याच्या किल्लीने कुलूप काढलं. आतून कडी. सांगायला नको का पोरीला, की आता कुणी यायचं नाही? तोंड उघडलं, "बाळ..." म्हटलं. माझा आवाज त्याचा नव्हे. आत काही हललं नाही. तेव्हापासून दार तसंच आहे.

आता तुला पहार आणायचीच असेल तर आण. पण आधी खिडकीतून एकदा बघ. दाराशी स्टूल आहे. त्यावर खाऊची पुडी उघडलेली. अर्धा खाऊ संपलाय. उरलेला अर्धा... वाटी पालथी घालून झाकून ठेवलाय.