गोदीच्या तळाचा फोन

वारा मोजायचा काटा लाल रेघेच्या वर गेलाय, म्हणजे आता तासभर तरी कुठलीच क्रेन हलणार नाही. बसा. मोबाइल खिशात घाला, नाहीतर मी आपला पाय पसरून झोपतो. मला काय, पुढच्या महिन्यात रिटायर होतोय. भुताची गोष्ट माझ्याकडे नाही. एक घडलेली आहे, आपल्या पंपवाल्याची. कॅन्टीनमध्ये भिंतीला पाठ लावून जेवतो, तोच. त्याला विचारायला जाऊ नका, तो सांगायचा नाही. मला त्यानं एकदाच सांगितलं, आणि त्यातलं थोडं मी या डोळ्यांनी पाहिलंय.

तुम्हाला वाटतं इथं पहिल्यापासून कंटेनरच होते. अरे बाबांनो, समुद्रात घुसलेली ही बारा किलोमीटरची पट्टी सगळी नौदलाची होती. ट्रक उभे राहतात तिथं परेड व्हायची. कोल्ड स्टोरेज म्हणजे खलाशांच्या बराकी, त्यांत आता मासळी झोपते. धावपट्टीवर मालाची विमानं उतरतात. नौदल गेलं तेव्हा गावातल्या निम्म्या घरांच्या तोंडचं पाणी पळालं. मग कंपन्या आल्या, आणि तीच माणसं तीच कामं दुसऱ्या रंगाच्या टोप्या घालून करायला लागली. पंपवाल्याचे वडील, अण्णा, नौदलाच्या गोदीत पंपावर होते. मुलगा कंपनीच्या गोदीत पंपावर. पंप तोच.

ही कोरडी गोदी तुम्ही वरूनच बघितलीय. जहाज आत घ्यायचं, दार लावायचं, पाणी उपसायचं, की जहाज ओंडक्यांवर बसतं आणि खाली माणसं काम करतात. काम झालं की भरतीच्या हिशोबानं पाणी आत सोडायचं आणि जहाज तरंगवायचं. ते सोडणारा हात पंपवाल्याचा. एवढं कळलं की पुढचं सगळं कळेल.

तीन वर्षांपूर्वीचा नोव्हेंबर. गुरुवार, अमावस्या. तुम्हाला घाबरवायला अमावस्या सांगतोय असं समजू नका. अमावस्येला भरती मोठी, आणि एवढं जहाज बाहेर काढायला मोठीच भरती लागते. ती होती रात्री एक चाळीसची. पंपवाला आठला घरून निघाला, तेव्हा बायकोनं त्याच्या हातात एक जास्तीचा डबा दिला. तिच्या भावासाठी. त्याला सगळे ठिणगी म्हणतात, गोदीत वेल्डर आहे. आईबाप लवकर गेले, तिनंच वाढवला, राहतोही यांच्याकडेच.

"सकाळपासून चहावर आहे तो," ती म्हणाली. "आधी त्याला द्या, मग तुमचं काय ते करा."

"म्हणजे आता मी मेव्हण्याचे डबे पोचवायचे."

"एकच आहे मला. पोचवा."

ट्रकांच्या रांगेतून गोदीवर पोचेपर्यंत पावणेदहा झाले. तळात उतरायच्या फाटकावरचा वॉचमन म्हणाला, "उशीर केलात. ठिणगीची टोळी गेली आत्ताच, शेवटच्या बसनं. हे बघा." फाटकावर स्क्रीन आहे, कार्ड आत गेलं की आकडा वाढतो, बाहेर आलं की कमी होतो. स्क्रीनवर शून्य. तळात कोणी नाही.

आता इथं एक गोष्ट सांगायला हवी, आणि ती सांगताना मलाही लाज वाटते. त्या टोळीत अकरा माणसं. अकरा जण फाटकावर रांग लावून कार्ड दाखवत बसले तर बस चुकते. म्हणून सगळी कार्डं एकाकडे द्यायची, त्यानं पुढं धावायचं आणि टक टक टक सगळी लावून टाकायची. वॉचमनला माहीत होतं, मुकादमाला माहीत होतं, मला माहीत होतं. सगळ्यांना माहीत होतं म्हणूनच कोणाच्या डोक्यात काही आलं नाही.

पंपवाल्यानं डबा पंपघरात खिळ्याला अडकवला आणि ठिणगीला फोन लावला. बंद. त्याच्या फोनला कधी चार्जिंग असेल तर शपथ. मग तो कामाला लागला. डोक्याला ताप कमी नव्हता. त्याचं कंत्राट महिनाअखेरीस संपत होतं, आणि मागच्या खेपेला एक भरती त्याच्यामुळे चुकली, म्हणजे साहेबांच्या मते त्याच्यामुळे. साहेबांनी स्पष्ट सांगितलं होतं, आता एक भरती गेली तर सही नाही. घरात अण्णा दोन वर्षं कॉटवर पडलेले. ही नोकरी गेली तर या वयात दुसरी कोण देणार?

अकरा पन्नासला रेडिओवर हुकूम आला. "सोड पाणी."

तो व्हॉल्व्ह नौदलाचाच आहे, हातानं फिरवायचं मोठं चाक. उघडायला साठ फेरे. बंद करायलाही साठ. त्यानं साठ फेरे दिले आणि खाली पाण्याचा लोट सुटला. गोदीत पाणी शिरतं तेव्हा पंपघराची जमीनसुद्धा हलते.

बाराला पाच कमी असताना बायकोचा फोन आला.

"अहो, बस आली. रस्ता तुंबला होता म्हणे. टोळीतले दोघं उतरले. हा नाही."

"मित्राकडे गेला असेल."

"त्यांना विचारलं. ते म्हणतात, आम्हाला वाटलं तो पुढं बसलाय."

त्यानं रेडिओ उचलला. "साहेब, एकदा खाली बघून येऊ का?"

"स्क्रीनवर किती?"

"शून्य."

"मग? आता बंद केलंस तर भरती गेली. आणि तू गेलास. कळतंय ना?"

त्याला कळत होतं. तो चाकाशेजारी उभा राहिला. खिडकीतून खाली बघितलं, तर जहाजाच्या पोटाखाली नुसता काळोख आणि पांढरा फेस. एवढ्या आवाजात हाक मारून उपयोग नव्हता. तरी त्यानं मारली. दोनदा.

पंपघराच्या भिंतीवर एक काळा फोन आहे. नौदलाच्या वेळचा. डायल नाही, नंबर नाही. गोदीच्या तळातून वर बोलायला होता तो. तळातला त्याचा जोडीदार कंपनीनं पहिल्याच वर्षी उखडला, मधली केबल कापून तांबं विकून टाकलं. हा राहिला, कारण याचे स्क्रू गंजले होते. बारा वाजून सात मिनिटांनी तो वाजला.

एकदा.

दोनदा.

पंपवाला बघत राहिला. फोनखालून वायर निघत होती. वीतभर. पुढं तोडलेली. टोक हवेत.

तिसऱ्यांदा वाजला, चौथ्यांदा वाजला.

रेडिओ खरखरला. "कसला आवाज आहे तो?"

"फोन वाजतोय, साहेब."

"कुठला फोन?"

"भिंतीवरचा…"

साहेब म्हणाले, "वाजू दे. पाण्याकडे बघ."

सहा. सात. घंटा तशी मोठी नव्हती. पण पाण्याच्या एवढ्या धडधडाटातसुद्धा स्वच्छ ऐकू येत होती. हात पुढं गेला, मागं आला. नऊ. दहा…

अकराव्या घंटेला त्यानं उचलला.

"पाणी बंद कर."

तरुण आवाज. शांत. ओरडणं नाही, घाई नाही.

"खाली माणूस आहे."

"कोण बोलतंय?"

…

"अरे, कोण आहेस तू? कुठून बोलतोस?"

तळातून बोलत असेल तर मागं पाण्याचा आवाज यायला हवा होता. नव्हता. काहीच नव्हतं. श्वाससुद्धा नाही.

"तुझ्या बापानं नाही उचलला," तो म्हणाला.

आणि मग नुसती शांतता. फोन ठेवल्याचा आवाज आला नाही. तो तिथंच होता. ऐकत.

पंपवाल्यानं रिसीव्हर टाकला आणि चाक धरलं. एक, दोन, तीन. साहेब रेडिओवर ओरडत होते. वीस. एकवीस. तळहातांची सालटी निघाली. चाळीस. त्याला रडू फुटलं होतं आणि फेरे तोंडानं मोजत होता, मोठ्यानं. साठ. पाणी थांबलं.

फाटकापर्यंत जायला वेळ कुठला. पंपघराबाहेरच्या लोखंडी शिडीनं तो उतरला. उतरताना रेडिओवर एवढंच म्हणाला, "क्रेन, पिंजरा खाली सोड." त्या रात्री क्रेनवर कोण होतं ते तुम्हीच ओळखा. साहेबांनी सांगितलं होतं, कशालाही हात लावू नकोस. पण मला जरा कमी ऐकू येतं, वयामुळे.

तळाला कमरेएवढं पाणी. विजेरी घेऊन तो ओंडक्या-ओंडक्यातून निघाला. ठिणगी… ए ठिणगी… जहाजाच्या पोटाला एक चौकोनी खोबण असते, तिच्यातून इंजिनाला समुद्राचं पाणी मिळतं. बाहेरून जाळी बसवतात. कपाटाएवढी जागा, आतून ताजा रंग दिलेला. ती जाळी अर्धवट लटकत होती. आणि खोबणीतून दोन बूट बाहेर आले होते.

पाणी टाचांना लागलं होतं.

दोन बोल्ट राहिले म्हणून परत आत गेला होता तो, शहाणा. रंगाच्या वासानं तिथंच आडवा झाला. पंपवाल्यानं पाय धरून ओढला, खांद्यावर घेतला. श्वास होता. वर पिंजऱ्यात आला तेव्हा भावाला सांभाळावं तसा त्याला पोटाशी धरून बसला होता, आणि सारखं म्हणत होता, "हिला काय सांगू मी, सांग, हिला काय सांगू." ठिणगीला काही ऐकू येत नव्हतं. चार दिवस इस्पितळात काढले त्यानं. नंतर तो डबा मागत होता, म्हणजे सुधारला असं आम्ही समजलो.

भरती गेली. साहेबांनी कोणालाच एक शब्द विचारला नाही. महिनाअखेरीस गुपचूप सही झाली.

गोष्ट इथं संपली असती तर मी सांगितली नसती.

साडेपाचला पंपवाला घरी आला. तिसरा मजला. बायको एकच्या सुमाराला इस्पितळात धावली होती, दाराला बाहेरून कुलूप. त्यानं किल्लीनं उघडलं, दिवा लावला.

अण्णा कॉटवर उठून बसले होते.

दोन वर्षांत त्यांना धरल्याशिवाय कूस बदलता येत नव्हती. ते सरळ बसले होते, पाय खाली सोडून.

"उचललास?" त्यांनी विचारलं.

"काय, अण्णा?"

"फोन."

अण्णांना कोणी काही सांगितलेलं नव्हतं. सांगायला घरात कोणी नव्हतं.

"उचलला," तो म्हणाला.

अण्णांनी मान हलवली. मग सावकाश, एकेक शब्द शोधत बोलायला लागले. "माझ्या वेळी… जहाजाला घाई होती. सगळे वर आले म्हणून सांगितलं. मी पाणी सोडलं. मग फोन वाजला. साहेब म्हणाले, वाजू दे." ते थांबले. "अकरा वेळा वाजला. मी मोजत होतो. हात पोचत होता माझा… मग वाजायचा थांबला."

"तुम्ही कधी बोलला नाहीत."

"कोणाशी बोलू? तळात नवा खलाशी होता. एकोणीस वर्षांचा."

त्यानं वडिलांचा हात हातात घेतला. तो ऊबदार होता, कोरडा होता.

"अण्णा, तुम्हाला फोनचं कोणी सांगितलं?"

अण्णा समोर बघत होते. त्यानंही तिकडे बघितलं.

स्वयंपाकघरातली लाकडी खुर्ची कॉटला लावून ठेवली होती. कॉटकडे तोंड करून, आजाऱ्याच्या उशाशी कोणी बसतं तशी. बसायची फळी चिंब. खालच्या फरशीवर पाणी. दारापर्यंत एकही थेंब नाही, फक्त खुर्चीखाली. त्यानं बोट बुडवून जिभेला लावलं.

खारट.

अण्णा त्याच महिन्यात गेले, झोपेत. खुर्ची अजून आहे. मी पाहिलीय, वहिनींनी दाखवली. त्या रोज सकाळी ओल्या फडक्यानं पुसतात, आणि दुपारपर्यंत लाकूड वाळलं की फळीवर पांढरं मीठ वर येतं.