कठड्यापाशी मिटलेले ओठ

“प्याला? छे छे, उद्या लोकांना प्याला द्यायचाच नाही!” स्वयंपाकघराच्या दारात उभा राहून धाकटा इतक्या उत्साहानं म्हणाला, जणू आनंदाचीच बातमी देत होता... आणि ताईच्या हातातल्या लोखंडी साच्यातून धुराची बारीक रेघ वर आली.

अकरा वर्षांत तिचं एकही पान करपलं नव्हतं!

साचा म्हणजे लांब दांड्यांच्या दोन जड पाट्या, आतून क्रूस कोरलेल्या. त्यांच्यामध्ये गव्हाच्या पिठाचं पातळ मिश्रण ओतायचं. गहू आणि पाणी एवढंच, मीठसुद्धा नाही. पाट्या आवळून मनात पंचवीसपर्यंत मोजलं की कागदासारखं पांढरं पान निघतं. ते दमट फडक्यात मऊ करायचं आणि त्याच्या गोल चकत्या कापायच्या. चर्चमधल्या उपासनेत, म्हणजे मिस्सेत, त्याच चकत्या ख्रिस्तशरीर म्हणून दिल्या जातात आणि प्याल्यातला द्राक्षारस ख्रिस्तरक्त म्हणून. सात चर्चना त्या याच घरातून जायच्या. उद्याच्या दोनशे चकत्यांची गोष्ट मात्र वेगळी होती, कारण उद्या धाकट्याची पहिली मिस्सा होती! गुरुवारी बिशपांनी त्याच्या मस्तकावर हात ठेवले आणि काल-परवापर्यंत बुटाच्या नाड्या सोडून हिंडणारा हा पोरगा धर्मगुरू झाला. तेव्हापासून घर नुसतं उधाणलं होतं. आईला एका जागी बसवत नव्हतं. आत्यानं त्याचा पांढरा झगा तीनदा इस्त्री केला होता आणि चौथ्यांदा करायला निघाली होती.

“पण का रे?” करपलेलं पान खरवडत ताईनं विचारलं. आवाज सहज ठेवायला तिला केवढे कष्ट पडले! “साथीच्या आधी मोठ्या मिस्सेला द्यायचेच की सगळ्यांना.”

“साथीचं सोड, ती कधीच सरली. मला तत्त्व म्हणूनच नको वाटतं. घाईगर्दी होते, थेंब सांडतात, पवित्र भांड्याला कुणाचेही हात लागतात; ते फक्त गुरूचेच लागावेत. आणि मुळात गरजच काय? प्रत्येक रूपात संपूर्ण ख्रिस्त असतो, ताई! चकतीच्या एवढ्याशा कणात शरीरही आणि रक्तही. शिकवण जुनी आहे, माझी नव्हे. उद्या सगळ्यांनी वेदीपुढच्या कठड्याशी गुडघे टेकायचे आणि जिभेवर घ्यायचं, पूर्वीसारखं. आधी आई, मग तू, मग आत्या.”

“तू सांगशील तसं बाबा,” आत्या इस्त्री आपटत म्हणाली. “हल्ली मोबाइलवर जो तो पोप झालाय. एक म्हणतो हातावर घ्या, दुसरा म्हणतो जिभेवर, तिसऱ्याला लॅटिनशिवाय देव ऐकतच नाही असं वाटतं. माझी जीभ तेवढी तयार आहे!”

“तुझी जीभ कायमच तयार असते,” आई म्हणाली आणि सगळे खो खो हसले. ताईसुद्धा हसली. नाकातोंडावर बांधलेल्या दुहेरी फडक्याआड ते हसू लगेच विरलं, हे कुणाला दिसलं नाही.

हे फडकं ‘धुळीच्या त्रासासाठी’ आहे, असं तिनं घरात सांगून ठेवलं होतं. हातमोजेही त्याचसाठी. ती पाव खात नाही, कारण ‘आवडत नाही’. तिची भाताची तपेली वेगळी, कारण ‘सवय’. आत्या म्हणायची, “आमच्या राजकन्येचे नखरे!” पण खरं काय ते डॉक्टरीणबाईंनी चार वर्षांपूर्वीच सांगितलं होतं. गहू पोटात गेला की तिचं शरीर आपल्याच आतड्यांवर उलटतं, त्यांच्या आतलं मऊ अस्तर झडून जातं, अन्न अंगी लागत नाही, हाडं पोकळ होतात. औषध एकच: गव्हाचा कणसुद्धा नको. “आणि काम काय करता?” त्यांनी विचारलं होतं. “गव्हाच्या चकत्या,” ताई म्हणाली, तेव्हा बाईंनी हातातलं पेन खालीच ठेवलं.

कमी गव्हाच्या चकत्या मिळतात, पण तिला तेवढाही सोसणार नव्हता. आणि गहू मुळीच नसेल तर ती मिस्सेची भाकर ठरतच नाही. उरला तो द्राक्षारस. घरात तिनं अवाक्षर काढलं नाही. कसं काढणार? बाबा गेल्यावर ती एकदा तीन आठवडे तापानं अंथरुणाला खिळली, तर धाकटा गुरुविद्यालयातून बॅग भरून घरी! “तू इथे झिजायचंस आणि मी तिथे स्तोत्रं म्हणायची? जमणार नाही!” पाया पडून, रागावून, शेवटी बोलणं टाकून तिनं त्याला परत पाठवला होता. हे कळलं असतं तर तो पुन्हा आला असता आणि पुन्हा गेला नसता. शिवाय आईचा नवस... पहिल्या मिस्सेची भाकर आपल्याच साच्यातली! आईची बोटं तर संधिवातानं वाकलेली. तिला साच्याचा दांडा उचलतही नव्हता.

एका थोरल्या फादरांना तेवढं ठाऊक होतं. रोज सकाळच्या मिस्सेला, चर्चमध्ये चार म्हाताऱ्याच असताना, ते तिला वेगळा लहान प्याला देत. रविवारी ती वर गायकवृंदात बसायची. खाली कोण कठड्याशी आलं, कोण नाही, हे वर कोण मोजतो?

देवाकडे तिनं एकच मागितलं होतं... एकदा, फक्त एकदा, आपल्या धाकट्याच्या हातून ख्रिस्त मिळावा. पहिल्या मिस्सेला प्याला सगळ्यांनाच देतील, त्यात थोरल्या फादरांनी वेगळा भरून ठेवलेला आपल्यालाही, कुणाला काही न कळता... या आशेवर चार वर्षं रेटली होती. आणि आज तो हसत हसत म्हणाला, द्यायचाच नाही!

रविवारी चर्चच्या पायरीवर थोरल्या फादरांनी तिला गाठलं. “मुली, आता तरी सांग त्याला.”

“आज नको, फादर! आज त्याचा दिवस आहे. माझं रडगाणं ऐकून तो वेदीवर जाईल का?”

“तू गप्प राहिलीस, तर तो वेदीवरून काय घेऊन उतरेल, त्याचा विचार कर.” पण तोवर घंटा झाली.

आणि काय ती मिस्सा! बाक भरून लोक भिंतींना टेकून उभे होते. धाकट्याचा आवाज पहिल्या प्रार्थनेला किंचित कापला, मग असा काही चढला की आईनं ताईचा हात घट्ट धरला. त्यानं चकती वर उचलली. तिचीच, काल संध्याकाळी कापलेली! घंटा वाजली, दोनशे डोकी एकदम लवली, आणि ताईला वाटलं, आता छातीचा पिंजरा फुटणार. आपल्या हातचं पीठ आणि पाणी... आता देव झालं! ते आपल्याला चालत नाही, याचं त्या क्षणी तिला दुःखसुद्धा आठवलं नाही.

आठवलं ते नंतर. घरच्यांनी पुढे यायचं होतं. ती बाकावरच गुडघे टेकून राहणार होती, पण आईनं वाकड्या बोटांनी तिचं मनगट पकडलं. “चल गं! काय बसलीस?” आणि ओढतच नेलं. आई, ती, आत्या. कठड्याचा संगमरवर थंडगार होता. धाकट्यानं आईच्या जिभेवर चकती ठेवली, एक पाऊल सरकला आणि ताईसमोर उभा राहिला. त्याचे डोळे ओलेच होते.

“ख्रिस्ताचं शरीर.”

काय होईल एका चकतीनं? होऊ दे काय व्हायचं ते... पण मागच्या वेळी चुकून कण गेला, तेव्हा तासाभरात सगळं उलटून पडलं होतं. देवाला पोटात घ्यायचं आणि तसं बाहेर टाकायचं? तिनं दोन्ही हात छातीवर दुमडले, मान खाली घातली. ओठ मिटलेलेच राहिले.

एक, दोन, तीन... ती मनात पाचपर्यंत पोहोचली. मग त्याचे बूट आत्याकडे सरकले.

भावाच्या पहिल्या मिस्सेला, सगळ्या गावासमोर, सख्ख्या बहिणीनं ख्रिस्तशरीर नाकारलं! या माणसांत त्याचा अर्थ एकच होतो: अंतःकरणावर मोठं पाप आहे आणि त्याची कबुली दिलेली नाही. शेजारच्या सभागृहात केक कापायच्या आधीच कुजबूज सुरू झाली. “दिसते किती साधी!” “तरी म्हटलं, लग्न का करत नाही...”

आत्यानं तिला खांबाआड ओढलं. “काय गं, काय भानगड आहे? कुणी आहे का?”

“कुणी नाही, आत्या.”

“मग मेले, तोंड का शिवलंस?”

आई फक्त एकदा तिच्याकडे पाहून म्हणाली, “अकरा वर्षं वाट पाहिली मी या दिवसाची...” आणि पदर तोंडाला लावला. चाबकाचा फटका परवडला असता!

“ताई, जरा आत ये.” धाकटा दारात उभा होता. त्यानं तिला वेदीमागच्या खोलीत नेलं. तिथं झगे टांगण्याची उंच कपाटं होती आणि मेणाचा वास कोंडला होता. दार लोटलं. ताईला वाटलं, आता हा ओरडेल. ओरडला असता तर बरं झालं असतं. पण नवा कोरा धर्मगुरू तिच्यापुढे चक्क गुडघ्यांवर बसला.

“मी विचारणार नाही. काय पाप आहे ते मला सांगूच नकोस. माझ्यापाशी नाही, थोरल्या फादरांपाशी कबुली दे. आणि तुझा दंड मी भोगेन. आजपासून चाळीस दिवस मी नुसत्या कोरड्या पावावर आणि पाण्यावर राहीन, तुझ्यासाठी. तू मला वाढवलंस ताई, एवढं तरी...”

ताई बघतच राहिली. याच्या फासळ्या आधीच मोजता येत होत्या! कुणी न केलेल्या पापासाठी हा उपाशी मरणार... आणि पावावर! तिला हुंदका आला, आणि हुंदक्याच्या पोटातून हसू फुटलं, ते काही केल्या आवरेना.

“अरे वेड्या, माझ्यासाठी उपास करायचाय तर पाव तरी सोडून कर!”

“म्हणजे?”

मग तिनं सांगितलं. आतड्यांचं, फडक्याचं, तपेलीचं, लहान प्याल्याचं. चार वर्षांचं सगळं दहा वाक्यांत संपलं. ती बोलत होती आणि धाकट्याचा चेहरा हळूहळू मिस्सेच्या मेणबत्तीसारखा पांढरा पडत होता.

“मी काल दारात उभा राहून तुला शिकवण ऐकवली...” तो पुटपुटला. “प्रत्येक रूपात संपूर्ण ख्रिस्त... अगं, मग प्याल्यातही संपूर्णच की! शिकवण दोन्हीकडून खरी आहे आणि मी मूर्खासारखी एकाच बाजूनं वाचली! माझं पांडित्य माझ्या सख्ख्या बहिणीच्या तोंडचा देव काढून घेतं?” आणि एकदम तो उसळून उठला. “आणि तू! चार वर्षं त्या पिठाच्या धुरळ्यात उभी राहिलीस? मला एका शब्दानं सांगितलं नाहीस? कोण समजतेस स्वतःला, हुतात्मा?”

“सांगितलं असतं तर तू आज या झग्यात नसतास.”

“नसतो तर नसतो!”

“गप्प बस! तसं बोलू नकोस!” ती त्याच्याहून मोठ्यानं ओरडली, आणि दोघंही रडत एकमेकांच्या गळ्यात पडली.

लोटलेलं दार धाडकन उघडलं. आई उभी होती, तिच्यामागे आत्या. किती वेळ ऐकत होत्या, देव जाणे. आईनं ताईचे दोन्ही हात उलटेसुलटे करून पाहिले, जणू त्यांवर काही लिहिलेलं असावं. “माझा नवस होता,” ती म्हणाली, “आणि तो फेडत तू होतीस... पोरी, आई म्हणवून घ्यायची लायकी आहे का माझी?”

“आई, असं नको गं बोलूस...”

“आजपासून साच्याला तू हात लावायचा नाहीस!”

“मग लावणार कोण?” ताईनं डोळे पुसत विचारलं. “सात चर्चं आहेत.”

“मी!” आत्या म्हणाली. तिचंही नाक लाल झालं होतं. “इस्त्री चालवते ती साचा चालवीन. दंडात बळ आहे माझ्या. मघाशी तोंडात आलं ते बोलले तुला, तेवढी शिक्षा मला हवीच.”

धाकटा मात्र खोलीत नव्हताच! बाहेरून त्याचा आवाज येत होता, सभागृहभर, पहिल्या प्रार्थनेहून मोठा: “फादर! थोरले फादर! संध्याकाळी पाचची मिस्सा कोणाची?”

“माझी,” थोरले फादर केकचा तुकडा हातात घेऊन म्हणाले.

“मला द्या! आणि दोन प्याले लागतील. माझ्या प्याल्यात चकतीचा कण पडतो, तो तिला चालायचा नाही. दुसरा वेगळा हवा, धुऊन पुसून, झाकलेला, आणि तो सगळ्यांत आधी तिलाच!”

“हे सगळं मला माहीत आहे रे,” म्हातारा शांतपणे म्हणाला. “चार वर्षं वाट बघतोय, तुला कधी कळतंय त्याची.”

पाच वाजता चर्च सकाळपेक्षा जास्त भरलं. बातमीला काय पाय लागतात! सभागृहात कुजबुजणाऱ्या बायकांनी ताईसाठी पहिल्या बाकावर जागा धरली होती, आणि त्यांच्यापैकी एकीची मान वर होत नव्हती. धाकट्यानं प्रवचन केलंच नाही. “आज मला शिकवण्यासारखं काही येत नाही,” एवढंच म्हणाला आणि वेदीकडे वळला.

या वेळी ताईला कुणी ओढत न्यावं लागलं नाही. ती आपणहून कठड्याशी गेली आणि तिनं गुडघे टेकले. धाकटा लहानसा प्याला घेऊन आला, तिच्यासमोर थांबला.

“ख्रिस्ताचं रक्त.”

“आमेन!” ती इतक्या मोठ्यानं म्हणाली की वरच्या गायकवृंदात कुणीतरी दचकून हसलं.

त्यानं प्याला तिच्या ओठांपाशी आणला. पण त्याचे हात एवढे थरथरत होते की रस काठापर्यंत हिंदकळू लागला. आता सांडणार... ताईनं विचार केलाच नाही. तिनं दोन्ही हात उचलून त्याच्या हातांवर घट्ट धरले आणि प्याला स्थिर केला. मग तिच्या काळजात धस्स झालं. वेदीवरच्या पवित्र भांड्याला फक्त गुरूचेच हात लागावेत, हे तर याचंच मत! तिनं बोटं सैल केली.

“ताई,” धाकटा तिला एकटीलाच ऐकू जाईल असं कुजबुजला, “सोडू नकोस.”